अकरा म्हणजे माहीत नाही

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात एकतीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईंना सगळे खटखटताई म्हणायचे. नाव टाइपरायटरच्या काळातलं. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले, त्यांच्या कळांना आवाज राहिला नाही, तरी नाव टिकलं, कारण ताई त्या मऊ कळांवरही बोटं आपटतच टाइप करायच्या. दोन वर्षांतून एक कीबोर्ड त्यांच्या हातून निकामी व्हायचा. भांडारवाला नवा देताना कुरकुरायचा, "ताई, जरा हळू. त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"हळू मारलं की अक्षर मनावर घेत नाही," ताई म्हणायच्या.

ताई आणि त्यांची थोरली बहीण एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. लग्न दोघींचंही झालं नव्हतं. थोरलीची नजर अधू होती, जिभेला मात्र चांगली धार होती. ताई कामावर निघाल्या की ती म्हणायची, "जा, दुसऱ्यांची पत्रं लिहून ये." ताईंना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यांनी टाइप केलेल्या कागदासाठी कार्यालयाला कधी शुद्धिपत्रक काढावं लागलं नव्हतं. एकदाच निघालं, आणि तेव्हा चूक मजकूर सांगणाऱ्या प्राचार्यांची होती. हे त्या नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच ऐकवायच्या.

मी त्या कार्यालयाचा अधीक्षक. ताईंच्या टेबलावरून जाणारा प्रत्येक कागद माझ्याकडे येत असे, म्हणून हे मला लिहिता येतं.

एकोणीस वर्षांपूर्वी कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा प्रवेशअर्ज त्यात भरायचं काम ताईंकडे दिलं. जुने गठ्ठे होते, नवे तर दर वर्षी येतच होते. अर्जात पालकाच्या व्यवसायाचा एक रकाना होता. पुष्कळ मुलं तो कोरा सोडायची. कागदाला त्याचं काही वाटत नसे. कॉम्प्युटर मात्र रकाना भरल्याशिवाय पुढे सरकेना. त्यात व्यवसायांची ठरावीक यादी होती, एक ते अकरा. 'इतर' असं काही त्यात नव्हतं. ज्यानं ते बनवलं त्याच्या जगात 'इतर' कोणी नसावं.

ताई माझ्याकडे आल्या. "साहेब, कोऱ्या रकान्यात काय टाकू?"

"काहीतरी टाका, ताई. रकाना रिकामा राहता कामा नये. गठ्ठे संपले पाहिजेत."

'काहीतरी' हा शब्द ताईंना मानवणारा नव्हता. त्यांनी विचार करून यादीतला शेवटचा आकडा निवडला. अकरा, पहारेकरी. खरे पहारेकरी अर्जांत क्वचितच असायचे, तेव्हा पुढेमागे दुरुस्ती करायची झाली तर सगळे अकरा एका ठिकाणी सापडतील, असा त्यांचा हिशेब. तसं त्यांनी अर्ध्या कागदावर टाइप करून मला दिलंही. 'तोंडी सूचनेप्रमाणे कोऱ्या रकान्यात अकरा टाकत आहे. अकरा म्हणजे माहीत नाही. नंतर दुरुस्त करावे.' मी त्यावर 'पाहिले' असं लिहून सही केली, तारीख घातली आणि कागद हिरव्या संकीर्ण फायलीत लावला. ती दुरुस्ती कधी झाली नाही. कॉम्प्युटर तीनदा बदलले. यादी तीच राहिली आणि ताईंची सवयही.

कॉम्प्युटर आल्यावर नऊ नंबरची टायपिंगची खोली रिकामी पडली. दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाचा एक कुरळ्या केसांचा मुलगा अर्ज घेऊन आला. दर गुरुवारी चार ते साडेपाच, कॉम्प्युटर आणि समाज या विषयावर अनौपचारिक चर्चेसाठी ही खोली हवी होती.

"अध्यक्ष कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही, सर."

"सचिव?"

"तोही नाही. नुसतं बोलायचं."

"मग हजेरी कोण घेणार?"

तो हसला. मी शेऱ्यात 'अनौपचारिक' असं लिहिलं आणि परवानगी दिली. त्यांनी दारावर कागद चिकटवला. 'कॉम्प्युटर आणि समाज. दर गुरुवारी. कोणीही या. खुर्ची आपली आपण ओढून घ्या.'

नऊ नंबर ताईंच्या टेबलासमोरच. त्यांनी तो कागद दोन गुरुवार वाचला. तिसऱ्या गुरुवारी पाच वाजता कॉम्प्युटरवर कापड घालून त्यांनी आपल्या खुर्चीतली उशी काखोटीला मारली.

"कुठे, ताई?"

"समोर. 'कोणीही या' लिहिलंय."

"ते मुलांसाठी आहे हो."

"तसं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मुलांना वाटलं, ताई खोली बंद करायला आल्या. कुरळा उठून म्हणाला, "ताई, कुलूप आम्ही लावू, तुम्ही निघा." ताईंनी उशी टाकली. "कुलूप लावायला नाही, बसायला आलेय. चालू द्या तुमचं."

दोनतीन गुरुवार त्या गप्प बसल्या. एकदा मुलं यंत्राला माणसाबद्दल काय काय कळतं यावर तावातावानं बोलत होती, तेव्हा ताईंनी विचारलं, "पण रकाने कोण ठरवतं? मी तर इतकी वर्षं दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत माणसं बसवतेय. मावली नाहीत की कोंबते." मग कायम निळा स्वेटर घालणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, हे लिहून घेऊ का मी?"

हे मला ताईंनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, चारदा. पुढे गुरुवारी त्या घडीचे कपडे घालून येऊ लागल्या. मुलं त्यांची खुर्ची आधीच ओढून ठेवायची. थोरलीनं घरी टोमणा मारला, "त्या पोरांत तुला काय मिळतं गं? पदवी देणारेत?" ताई म्हणाल्या, "मी बोलले की मान वर करून बघतात. तू कधी बघितलंस?" थोरली म्हणाली, "मला दिसत कुठे?" आणि दोघी हसत सुटल्या. हेही ताईंनीच सांगितलं.

यंदा मुलांना कार्यालयाकडची माहिती हवी झाली. कोणती मुलं पहिल्याच वर्षी शिक्षण सोडतात, हे त्यांना शोधायचं होतं. प्राचार्यांना ते फार आवडलं, कारण वसतिगृहात दर वर्षी मध्येच खोल्या रिकाम्या पडायच्या आणि बाहेर मुलं ताटकळत असायची. नावं वगळून माहिती द्यावी असा आदेश निघाला. मी ती दिली. देताना व्यवसायाचा रकाना माझ्या डोळ्यांखालून गेला. मी थांबलो नाही.

नेमक्या त्याच सुमारास थोरलीच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि ताई महिनाभर रजेवर होत्या. तेवढ्यात मुलांना जे सापडायचं ते सापडलं, त्याचा अहवाल झाला, प्राचार्यांनी तो वाचला आणि वसतिगृहाच्या प्रवेशाला एक नवा निकष लागला.

ताई कामावर परत आल्या तो गुरुवार होता. फाटकावरचा पहारेकरी हातात पत्र घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा राहिला. हा माणूस बारा वर्षं फाटकालगतच्या पत्र्याच्या खोलीत एकटा राहत होता. बायको आणि मुलगी दूर, दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर. मुलगी यंदा बारावी झाली होती. तिला आमच्याच महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहाचा अर्ज ताईंनीच रजेवर जाण्याआधी भरून दिला होता. त्या खोलीत तिला ठेवता येणार नव्हतं. वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाही तर नाही.

"ताई, हे वाचा."

पत्रात लिहिलं होतं, 'पालकाच्या व्यवसायगटातील गळतीचे प्रमाण पाहता आपल्या पाल्याचे नाव प्रतीक्षायादीच्या तळाशी ठेवण्यात येत आहे.' मसुदा माझा होता.

पहारेकरी हळूच म्हणाला, "पहारेकऱ्यांच्या पोरी पळून जातात का हो, ताई?"

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. मग त्या समोरच्या खोलीत गेल्या. उशी न घेता गेल्या.

मी तिथेच होतो. प्राचार्यांनी मला मुलांचा तक्ता बघून यायला सांगितलं होतं. भिंतीवर मोठा कागद होता. दहा व्यवसायांच्या निळ्या पट्ट्या बोटभर, आणि शेवटची लाल पट्टी हातभर.

"बघा, सर," कुरळा समजावत होता. "बाकीच्यांची शंभरातली नऊ मुलं सोडतात. पहारेकऱ्यांची अडतीस!"

"का बरं?" मी विचारलं.

स्वेटरवाली उत्साहात होती. "बाप रात्रभर जागतो, दिवसा झोपतो. म्हणजे घरात आवाज करायचा नाही. मूल मोठ्यानं वाचू शकत नाही, मित्रांना बोलवू शकत नाही. आम्ही त्याला नाव दिलंय, 'दिवसाची शांतता'."

दारातून ताईंचा आवाज आला. "किती आहेत असे पहारेकरी?"

"अरे, ताई! या, या. चारशे बारा."

"चारशे बारा पहारेकरी? मग गावातले चोर उपाशी मेले असतील."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या तक्त्याजवळ गेल्या आणि लाल पट्टीवर बोट ठेवलं.

"हे पहारेकरी नाहीत. ही मी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. कोरा रकाना, अडून बसलेला कॉम्प्युटर, यादीतला शेवटचा आकडा. शिकवणीत सांगावं तसं, एकेक पायरी. स्वेटरवाली लिहून घेता घेता थांबली.

"मग ताई, ही मुलं कोणाची?"

"जी एकटी आली होती त्यांची," ताई म्हणाल्या. "खिडकीत अर्ज घेताना मी विचारायची, बाबा काय करतात? घरून कोण आलंय? ती मागे वळून बघायची. मागे कोणी नसायचं. काही सांगायची, काही नुसतीच उभी राहायची. ती सोडून गेली यात नवल ते काय? पण त्यात पहारेकऱ्यानं काय पाप केलं? खरे पहारेकरी ह्यात सहासात असतील. आणि आज एका खऱ्या पहारेकऱ्याला पत्र मिळालंय."

कुरळ्याचा चेहरा उतरला होता. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला विचारलंत कधी? दोन वर्षं शेजारी बसले तुमच्या. माहिती मात्र साहेबांकडून नेलीत."

"पण असं भरायला सांगितलं कोणी?"

ताई माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं. "तेव्हा तसंच चालायचं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "मी प्राचार्यांच्या कानावर घालतो." तेवढंच म्हणालो.

शुक्रवारी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "चारशे बारा खोट्या नोंदी, बाई?"

"खोट्या नाहीत, रिकाम्या."

"मशीनला रिकामं कळत नाही."

"म्हणूनच तर, सर."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांना सोमवारी दुपारी यादी पक्की करायची होती. ते म्हणाले, "नुसत्या तोंडी सांगण्यावर मी निकष मागे घेऊ शकत नाही. उद्या दुसरा येईल, म्हणेल माझाही आकडा चुकलाय. त्या वेळचं लेखी काही असेल तर आणा. सोमवारी बारापर्यंत. त्या मुलीचं नाव वर घेतो आणि तुमचाही प्रश्न राहत नाही. नाहीतर बाई, ह्याची चौकशी करावी लागेल."

बाहेर आल्यावर ताई व्हरांड्यात माझ्यासाठी थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट थोडी ऐट होती. "साहेब, मी चिठ्ठी दिली होती तुम्हाला. कॉम्प्युटर आला त्या वर्षी. 'पाहिले' लिहून सही केली होती तुम्ही."

"एकोणीस वर्षं झाली, ताई."

"तुम्ही कागद टाकत नाही." आणि त्या हसल्या. "फाटकावर सांगून आलेय त्याला, साहेबांकडे कागद आहे म्हणून."

"पाहतो," मी म्हणालो.

पाहायची गरज नव्हती. तिसरा कप्पा, हिरवी फाइल. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर मी ती काढली. कागद जागेवर होता. 'तोंडी सूचनेप्रमाणे', आणि खाली माझी सही, तेव्हाची, जरा लफ्फेदार. सूचना कोणाची, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. पण ते सहीच सांगत होती. माझ्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. पस्तीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक ओरखडा नव्हता. ताईंना चारच महिने उरलेत, त्यांना काय फरक पडणार, असा विचार मी केला. त्या मुलीला पुढच्या वर्षी जागा मिळेल, असाही केला. दोन्ही विचार करताना मला ते खरे वाटले नाहीत, तरी फाइल मी होती तिथे ठेवली आणि कप्प्याला किल्ली लावली.

सोमवारी सकाळी ताई टेबलाशी आल्या. "सापडली?"

"नाही दिसली. फायली मध्यंतरी हलवल्या होत्या ना."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. भांडण नाही, रडणं नाही. ज्या बाईनं एकतीस वर्षं माझे मसुदे टाइप केले, तिला माझं कोणतं वाक्य कशासाठी असतं हे कळत होतं. "बरं," त्या म्हणाल्या आणि जाऊन बसल्या. त्या दिवशी कीबोर्डचा आवाज आला नाही.

बाराला यादी लागली. पहारेकऱ्यानं ती वाचली नाही, ताईंनीच फाटकापर्यंत जाऊन त्याला सांगितलं. काय बोलल्या कोण जाणे. आठवड्यानं मुलीचे मूळ दाखले परत न्यायला तो कार्यालयात आला. पोचपावतीवर त्यानं माझ्यासमोर सही केली. त्यानंतरही तो रोज फाटक उघडतो, पण मला बघून उठत नाही. मी त्याबद्दल कोणाकडे तक्रार केलेली नाही.

मुलांनी कार्यालयाला एक पत्र दिलं. 'मूळ नोंदींमध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्याकडून मानवी चूक झाल्याचे आढळले असून त्यास आमचा गट जबाबदार नाही.' खाली कुरळ्याची सही होती, आणि सहीखाली पद होतं, सचिव. स्वेटरवाली मात्र एकदा ताईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "ताई, तुम्ही येत जा ना," म्हणाली. ताई म्हणाल्या, "आता तुमच्या दारावरचा कागद वाच." तिथे नवा कागद लागला होता. 'फक्त विद्यार्थ्यांसाठी.'

ताईंना खुलासा मागणारं ज्ञापन द्यावं लागलं. ते मी लिहिलं, आणि ताईंना टाइप करायला कसं सांगणार, म्हणून नव्या लिपिक मुलीकडून टाइप करून घेतलं. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका राहिल्या. ताईंनी त्या पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि मगच ज्ञापन स्वीकारलं. चौकशी निकाली निघेपर्यंत निरोपसमारंभ करता येत नाही, असा नियम आहे. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी पाच वाजता कॉम्प्युटरवर कापड घातलं, उशी घेतली आणि गेल्या. मी त्या वेळी प्राचार्यांच्या खोलीत होतो. तिथे माझं काही काम नव्हतं.

त्यांचा खुलासा आला होता, सहा रकान्यांचा छापील नमुना, सुरेख अक्षरात भरलेला. नोंदी कोणी केल्या? मी. कधीपासून? अमुक वर्षापासून. हेतू काय? दुरुस्ती सोपी जावी. असे पाच रकाने. सहावा होता, 'कोणाच्या सूचनेवरून?' तो कोरा होता. आडवी रेघसुद्धा नव्हती.

चौकशी बंद करायची तर तो नमुना कॉम्प्युटरवर भरावा लागतो. नवी लिपिक भरायला बसली आणि थोड्या वेळानं माझ्याकडे आली.

"साहेब, सहावा रकाना रिकामा आहे. पुढे जातच नाही."

"ताईंना फोन करून विचारा."

"केला. त्या म्हणाल्या, रिकाम्या रकान्यात काय टाकायचं ते साहेबांना विचार. त्यांना माहीत आहे."

ती हातात पेन घेऊन उभी होती. नऊ नंबरमध्ये मुलं कशावर तरी जोरजोरात बोलत होती. गुरुवार होता.

"'स्वतःहून' असं टाका," मी म्हणालो.

तिनं जाऊन टाकलं. इथूनच मी विचारलं, "गेलं का पुढे?"

"गेलं, साहेब."